रकाना नसलेला घास

जेलीबाईला अन्नखात्यात सगळे भांडकुदळ म्हणत, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. पण खात्याच्या पायऱ्या चढून येणारे बाकीचे लोक नियमातून सुटण्यासाठी भांडत. ही बाई आपल्याला नियम लावून घ्यायला भांडली. असलं भांडण तिथे कोणी पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे तिला उत्तर काय द्यायचं हेच कित्येक दिवस कोणाला सुचेना.

जेलीबाई हे नाव कारखान्यातलं. गोळ्या-चॉकलेटच्या कारखान्यात जेलीच्या विभागात तिने चोवीस वर्षं काढली. पाक साच्यात कधी ओतायचा, कोणती पूड किती अंशांवर धरते आणि किती अंशांवर सुटते, हे तिला मोजायच्या आधी कळायचं. ताटलीत जेलीचा तुकडा ठेवून ती ताटलीला टिचकी मारायची आणि त्याच्या थरथरण्यावरून सांगायची, "पाणी जास्त झालंय, परत करा." प्रयोगशाळेतली शिकलेली मंडळी आधी हसायची, मग यंत्र लावायची, मग गुपचूप परत करायची. घरीही तोच खाक्या. नवरा तिच्याशी वाद घालण्याऐवजी गाडी धुवायला बाहेर जायचा. आख्ख्या रस्त्यात त्यांच्या गाडीइतकी स्वच्छ गाडी दुसरी नव्हती.

घरात तिच्यासमोर उभं राहणारा माणूस एकच, तिचे सासरे. मामंजी बंदरावर क्रेन चालवत. चाळीस टनांचा कंटेनर आपण चहाचा कप ठेवावा तसा खाली ठेवायचो, असं ते सांगत. खरंखोटं बंदराला माहीत. दोघांचं रोज वाजे. खिडकी उघडी की बंद, रेडिओ मोठा की बारीक, बटाटा सोलून उकडायचा की उकडून सोलायचा. शेजाऱ्यांना वाटायचं, ह्या घरात कोणाचं कोणाशी पटत नाही. खरं तर त्या दोघांचं फार पटत होतं, म्हणून तर ते भांडायचे.

अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी मामंजींना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं तुटक झालं आणि घसा अर्धा झोपला. रुग्णालयातल्या बाईंनी, ज्या गिळायला शिकवतात त्यांनी, सांगितलं, "पातळ दिलंत तर श्वासनलिकेत जाईल, घट्ट दिलंत तर अडकेल. सगळं मिक्सरमधून काढून, लगद्यासारखं द्या."

दिला लगदा. गाजर, बटाटा, मटार, काहीही घाला, मिक्सरमधून एकाच रंगाचं बाहेर पडायचं. तो रंग भिंतीला द्यायलासुद्धा कोणी घेतला नसता. मामंजी चार घास खायचे आणि तोंड फिरवायचे. वजन उतरायला लागलं. मग नवऱ्याने दुकानातून बाळांच्या खाण्याच्या बाटल्या आणल्या. रंग छान, चव बरी. पण बाटलीवर लाळेरं बांधलेलं गुबगुबीत बाळ हसत होतं, आणि खाली लिहिलं होतं, वय महिने सहा ते चोवीस. मामंजींनी चष्मा मागितला. सगळं वाचलं. डाव्या हाताने बाटली हळूच टेबलाच्या कडेपर्यंत सरकवली आणि खाली सोडली.

"मी," ते म्हणाले, आणि पुढचा शब्द यायला वेळ लागला. "बाळ. नाही."

त्या दिवसापासून त्यांनी जेवण जवळपास सोडलं. तीन महिन्यांत अकरा किलो गेले. शर्ट खुंटीवर टांगल्यासारखा दिसायला लागला. जेलीबाईला रडू यायचं, आणि रडू आलं की तिला राग यायचा, आणि राग आला की ती कामाला लागायची. तिचं हे यंत्र असंच चालायचं.

तिने घरामागच्या, एरवी सामान ठेवायच्या खोलीत शेगडी मांडली. पहिल्यांदा जिलेटिन घेतलं. गाजराचा गर त्यात धरला, कापला, सुंदर दिसला. पण जिलेटिन तोंडाच्या उबेनेच विरघळतं. मामंजींच्या जिभेवर त्याचं पाणी झालं, ते घशात चुकलं आणि ते इतके खोकले की नवरा गाडी धुवायची सोडून आत धावला. मग तिने समुद्रातल्या शेवाळाची पूड वापरली. ती विरघळत नाही, पण तिचा चुरा होतो, आणि चुरा घशात इकडेतिकडे चिकटतो. कारखान्यात ज्या गोष्टी तिला चोवीस वर्षं गुण म्हणून शिकवल्या, त्या सगळ्या इथे दोष ठरल्या. शेवटी तिने तीन पुडी एकत्र केल्या. घास आकार धरून राहील, जिभेने टाळूवर दाबला की मोडेल, पण पाणी होणार नाही आणि चुराही होणार नाही. मोजपट्टी म्हणून रुग्णालयातल्या बाईंनी एक साधी युक्ती दिली. काट्याने घास दाबायचा, अंगठ्याचं नख पांढरं पडेल इतकाच जोर लावायचा. तेवढ्यात घास मोडला आणि परत उठला नाही, तर तो चालेल.

साच्यांचीही गंमत झाली. कारखान्यातले जुने साचे मागून आणले तर त्यात अस्वलं आणि तारे. मामंजींच्या ताटात अस्वल गेलं असतं तर घराबाहेर तीच गेली असती. म्हणून तिने खऱ्या गाजरांचे, खऱ्या मटारांचे ठसे घेऊन साचे बनवले. ज्या दिवशी ताटात केशरी चकत्या, हिरवे गोल दाणे आणि बटाट्याच्या फोडी वेगवेगळ्या दिसल्या, त्या दिवशी मामंजींनी ताटाकडे बराच वेळ पाहिलं. मग चमचा घेतला. एक चकती खाल्ली.

"मीठ कमी," ते म्हणाले.

तिने पुढच्या वेळी मीठ घातलं, ते त्यांनी खाल्लं. आणि मग खिडकी उघडी की बंद यावरून त्यांनी सहा महिन्यांत पहिल्यांदा भांडण काढलं. जेलीबाई त्या दिवशी मुद्दाम हरली.

गिळायला शिकवणाऱ्या बाईंनी ही गोष्ट आणखी अकरा घरांत सांगितली. कोणाची आई, कोणाचा नवरा, एक संगीतशिक्षिका, एक टॅक्सीवाला. जेलीबाई आधी डब्यातून देत होती, मग बंद ट्रेमधून देऊ लागली, आणि बंद ट्रे म्हणजे परवाना लागतो हे ठाऊक असल्याने तिने आपण होऊन अर्ज केला. तपासणीला जो अधिकारी आला त्याला सगळा बाजार 'अर्धा अंश' म्हणत असे. शीतगृहाचं तापमान अर्ध्या अंशाने चढलेलं दिसलं म्हणून त्याने एकदा ट्रकभर माल परत पाठवला होता. सडपातळ माणूस, गळ्यात थर्मामीटरची डबी. चहा नको म्हणाला. पाणीही आपलंच प्याला.

त्याने खोली पाहिली, भांडी पाहिली, वही पाहिली. चूक सापडेना. मग त्याने विचारलं, "मऊ आहे की नाही, हे कधी तपासता?"

"साच्यातून काढून, गरम केल्यावर. ताटात वाढताना."

"आणि तुमचे सासरे जेवायला किती वेळ घेतात?"

"पाऊण तास. कधी जास्त."

अर्ध्या अंशाने एक ताट गरम करून वाढायला सांगितलं, घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि खुर्चीत बसला. पाऊण तास तो त्या ताटाकडे बघत राहिला. जेलीबाईच्या अंगाचा तिळपापड होत होता, पण तीही बसली. पाऊण तासाने त्याने गाजराच्या चकतीत थर्मामीटर खुपसला, आकडा लिहिला, आणि काटा तिच्या हातात दिला. तिने दाबलं. अंगठ्याचं नख पांढरं झालं. चकती मोडली नाही.

जेलीबाईच्या तोंडचं पाणी पळालं. गार होताना पूड आणखी आवळते, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. पण कारखान्यात जेली गार झाल्याशिवाय कोणी तपासतच नाही. गरम ताट आणि सावकाश जेवणारा माणूस हा प्रश्न तिथे कधी आलाच नव्हता. इथे वाढताना मऊ लागलं की ती निर्धास्त व्हायची, आणि चव तपासायची ती स्वतःच्या धडधाकट जिभेने.

"जेवताना शेवटी शेवटी ते खोकतात," ती हळू आवाजात म्हणाली. "मला वाटायचं, दमून."

"एकही ट्रे आता घराबाहेर जाता कामा नये," अर्धा अंश म्हणाला, आणि तो बरोबरच बोलत होता. त्या रात्री तिला झोप लागली नाही.

तीन महिने तिने पुन्हा पुडी मोजल्या. मामंजींना तेवढे दिवस दोन वेळा अर्धं अर्धं, गरम गरम वाढलं. चौसष्टाव्या प्रयत्नाला असं मिश्रण जमलं की गरम असताना आणि पार निवल्यावरही काट्याखाली सारखंच मोडेल. अर्धा अंश परत आला, परत पाऊण तास बसला, काटा दाबला, आणि पहिल्यांदाच म्हणाला, "पाणी द्या."

आता परवाना मिळेल असं तिला वाटलं, आणि नेमकं तिथेच घोडं अडलं. खात्याच्या अर्जात पदार्थाचा वर्ग भरायचा असतो. शिजवून मऊ केलेला, न चावता खायचा, बंद ट्रेमधला घास, असा वर्ग एकच होता: शिशुआहार. त्यात गेलं की मीठ बंद, आणि वेष्टणावर वय महिन्यांत छापणं सक्तीचं.

"कागदावर काहीही असू दे ना," नवरा म्हणाला. "पोटात जाणार तेच. त्या अकरा घरांचा विचार कर."

ती विचार करतच होती. संगीतशिक्षिकेच्या बहिणीचा रोज फोन येत होता. खरं सांगायचं तर तिचा हात शिशुआहारासमोर खूण करायला निघाला होता. तिने हे मामंजींना सांगितलं, कारण त्यांच्यापासून लपवणं तिला कधी जमलंच नव्हतं. मामंजींनी ऐकून घेतलं आणि संध्याकाळच्या ताटासमोर ओठ घट्ट मिटले. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी त्यांनी तीन शब्द काढले.

"लिहिलंस. तर. नाही."

एकदा हा माणूस तिच्या डोळ्यांदेखत वाळत गेला होता. ते परत बघण्याची तिची तयारी नव्हती. तिने ताट त्यांच्यापुढे सरकवलं, त्यांना म्हणाली, "नाही लिहीत. आता खा," आणि सुनावणीची तारीख मागितली.

सुनावणीच्या खोलीत लांब टेबल होतं, टेबलामागे तीन खुर्च्या, आणि मधल्या खुर्चीत गोड बोलणारे अध्यक्ष. अर्धा अंश फाईल घेऊन भिंतीशी बसला होता.

"बाई, तुमचं काम फार कौतुकाचं आहे," अध्यक्ष म्हणाले. कौतुकाने सुरू झालेलं बोलणं कुठे पोचतं हे तिला नोकरीत पाठ झालं होतं. "शिशुआहारावर खूण करा आणि सोमवारी परवाना घेऊन जा. मोठमोठ्या कंपन्या हेच करतात. खाली बारीक अक्षरात 'वयस्करांनाही उपयुक्त' असं छापा. आम्ही बघणार नाही."

"बघायलाच तर तुम्हाला बसवलंय, साहेब."

डावीकडच्या खुर्चीतल्या सदस्याला हसू आलं, ते त्याने खोकल्यात लपवलं.

जेलीबाईने पिशवीतून दोन ट्रे काढून टेबलावर ठेवले. दोन्हीत गाजराच्या चकत्या, दोन्ही गार. "हे दोन्ही तुमच्या शिशुआहाराच्या नियमात बसतात. मीठ मुद्दाम वगळलंय, जंतू नाहीत, रंग नाही. आता काट्याने दाबून बघा. नख पांढरं होईपर्यंत."

अध्यक्षांनी उजवीकडचा ट्रे दाबला. चकती मोडली. डावीकडचा दाबला, तर काटा नुसता रुतून राहिला.

"हा डावीकडचा मी माझ्या सासऱ्यांना कित्येक दिवस भरवत होते," ती म्हणाली. "मायेने भरवत होते. ते खोकायचे आणि मी पाठ चोळायची. ही चूक मला नाही सापडली, ह्या साहेबांना सापडली. तेही कोणत्या नियमात लिहिलंय म्हणून नाही, स्वतःच्या डोक्याने. बाळाच्या नियमात घास गार झाल्यावर काय होतो हा प्रश्नच नाही. बाळाला आज ना उद्या दात येणार, त्याचा घास उद्या कडक होणार. ह्यांचा होणार नाही. मी आज तुमच्या रकान्यात बसले, तर उद्या दुसरा कोणी हुशार माणूस बसेल, आणि त्याच्याकडे पाऊण तास थांबायला कोणी जाणार नाही."

"म्हणजे तुम्हाला सूट हवी आहे."

"सूट कोण मागतंय? नियम करा. आमच्या घासाचा वेगळा नियम करा, कडक करा, आणि पहिला मला लावा. मी नापास झाले तर दार लावून घेईन."

अध्यक्षांनी चष्मा काढला. परवाना मागणारे त्यांना माहीत होते, सवलत मागणारे माहीत होते. ही कोणती जात, ते त्यांना कळेना. "बाई, नवा वर्ग करायला दोन वर्षं लागतात. समित्या बसतात, हरकती येतात."

"मग तोपर्यंतचा नकार लेखी द्या. कारणही लिहा. माझे सासरे नऊशे छत्तीस महिन्यांचे आहेत आणि तुमचा रकाना चोवीसला संपतो, असं लिहून खाली सही करा."

अध्यक्षांनी चष्मा परत चढवला. मग भिंतीशी फाईल उघडल्याचा आवाज झाला.

"चाचणी-मंजुरीचं एक कलम आहे," अर्धा अंश म्हणाला. "ज्या पदार्थाला वर्गच नाही त्याच्यासाठी. खाणाऱ्यांची नावं ठरलेली, प्रत्येक बॅच खात्याने समोर तपासायची, नोंद ठेवायची. त्या नोंदींवरून नियम करता येतो. पूर्वी एकदाच वापरलंय, बाळांच्या दुधासाठी."

"आणि प्रत्येक बॅचला जाणार कोण?" अध्यक्षांनी वैतागून विचारलं.

"मी. दर मंगळवारी."

"तुमच्याकडे तेवढा वेळ आहे?"

"नाही," अर्धा अंश म्हणाला, आणि त्याने कलमाचा कागद टेबलावर सरकवला.

पहिल्या मंगळवारी तो दुपारी आला. पाऊण तास थांबला. काटा दाबला, आकडे लिहिले, बॅच पास केली. मग त्याने बारा संमतिपत्रं काढली. पहिलं मामंजींचं. कागद बाळांच्या दुधाच्या वेळचाच होता, खात्याने त्यावर फक्त नवी तारीख टाकली होती. तळाशी छापलं होतं: खाणाऱ्याच्या पालकाची सही.

अर्ध्या अंशाने कागद जेलीबाईकडे धरला. जेलीबाईने पेन घेतलं. वर्षभर औषधांच्या, रुग्णालयाच्या, बँकेच्या कागदांवर मामंजींसाठी तीच सही करत होती. तिचा हात आपसूक कागदावर गेला.

टेबलावर चमचा आपटला.

मामंजी तिच्याकडे बघत होते. तिने खात्याशी भांडून, अध्यक्षांना निरुत्तर करून घरी आणलेला हा कागद, आणि त्यावर त्यांची पालक म्हणून सही करायला निघालेलीही तीच. ती लाजेने कानापर्यंत लाल झाली.

"पेन," मामंजी म्हणाले. "इकडे."

तिने पेन दिलं. त्यांनी ते डाव्या हातात धरलं, दोनदा निसटलं, तिसऱ्यांदा बसलं. आधी 'पालकाची' ह्या शब्दावर रेघ मारली, वाकडीतिकडी, पण कागद फाटेल इतक्या जोराची. मग सही करायला घेतली. एकेक अक्षर डोंगर चढावा तसं वर जात होतं. जेलीबाईचा हात मदतीला पुढे झाला, तो तिने मागे घेऊन दुसऱ्या हाताने धरून ठेवला. अर्ध्या अंशाने आपलं घड्याळ उचललं आणि खिशात टाकलं.

सही झाली. अर्ध्या अंशाने कागद उजेडात धरला, फाईलमधला जुना ओळखपत्राचा कागद शेजारी ठेवला, आणि त्याच्या कपाळावर आठी आली. तो शेवटी अर्धा अंशच होता.

"काका, ही सही जुन्या सहीशी जुळत नाही."

"ती. उजव्या हाताची," मामंजी म्हणाले. त्यांनी ताट स्वतःकडे ओढलं. "आता हीच. दर मंगळवारी. जुळवून घ्या."